काच किती मळवायची?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. आपा मुलांना घेऊन महिनाभर माहेरी येते आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग माझ्या विमानांच्या ताब्यात जातो. वर्षभर मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मे महिन्यात प्लास्टिकची विमाने जोडतो. चाळिशी ओलांडलेल्या मास्तराने खेळण्यांत जीव रमवावा याचे घरात आता कुणाला नवल वाटत नाही. अम्मी तेवढी म्हणते, "जेवायच्या आधी तो रंग आवर."

यंदा टेबलावर स्पिटफायर होते. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान, १९४० सालचे, पहिल्या प्रकारातले. मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचे. मूळ विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वाअकरा मीटर, तर माझ्या टेबलावरचे साडेपंधरा सेंटीमीटर. आठवीतला भाचा मदतीला होता. रंग झाला, चिन्हे चिकटली. मग आम्ही ते मळवायला घेतले. नवे कोरे विमान खोटे दिसते. म्हणून धुराड्यांमागे काजळी, पंखाच्या मुळाशी वैमानिकाच्या बुटांनी उडालेला रंग, पोटाखाली तेलाचे ओघळ, अशा खुणा करायच्या असतात. मॉडेल करणारे याला 'वेदरिंग' म्हणतात. मी सरळ 'मळवणे' म्हणतो.

सगळे मळवून झाले, पण वैमानिकाच्या डोक्यावरची काच तशीच लख्ख राहिली. भाच्याने मान तिरकी करून पाहिले आणि विचारले, "मामू, ये काच इत्ती साफ कायकू?"

प्रश्न अगदी वाजवी होता. सगळे विमान युद्धातून आलेले आणि काच तेवढी दुकानातून आलेली, असे कसे? मी म्हणालो, "उद्या सांगतो." शिक्षकाला उत्तर येत नसले की तो असेच म्हणतो. मग ते उत्तर शोधता शोधता मी कुठून कुठे गेलो, ते आज लिहितो आहे.

आधी हे विमानच का घेतले ते सांगतो. या स्पिटफायरच्या अंगावर 'यूएम' ही अक्षरे आहेत. ही खूण ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची. तिचे पूर्ण नाव '१५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन'. हैदराबाद म्हणजे आपलेच, निजामाचे. तिच्या मानचिन्हावर निजामाचे शिरोभूषण आहे आणि खाली ब्रीद आहे, 'विश्वासू मित्र'. मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिशांना विमानांसाठी पैसा दिला, म्हणून हे नाव. पहिल्या महायुद्धातही त्यांनी तसे केले होते. १९१८ साली ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची डीएच-९ए जातीची बॉम्बफेकी विमाने त्यांच्या देणगीतून आली आणि त्यांच्या अंगावर निजामाचे नाव लिहिलेले होते. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ अशा आणखी दोन स्क्वाड्रनना हैदराबादचे नाव मिळाले. १५२ ही स्क्वाड्रन १९४०च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल तळावरून जर्मन विमानांशी लढली. पुढे ती भारतात आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही आली.

आम्ही मराठवाड्याचे. १९४८पर्यंत आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. आमच्या आजोबांनी निजामाचा हाली रुपया वापरला आहे. म्हणून हे विमान.

आता काचेकडे येतो.

मॉडेलच्या डब्यात पारदर्शक भागांची वेगळी पिशवी असते. वैमानिकाच्या समोरची काच, डोक्यावरचे सरकते झाकण, बंदुकीच्या नेमाची काच, पंखांच्या टोकांचे दिवे. बाकीच्या भागांवर चूक झाली तर रंग झाकून घेतो. या भागांवर काहीच झाकत नाही. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर त्याच्या वाफेने काच आतून पांढरी धुरकट होते, म्हणून फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावायचा. निस्तेज करणारे वॉर्निश उडाले की काच दुधी होते, म्हणून ती आधी चिकटपट्टीने झाकून घ्यायची. चौकटी रंगवताना आधी आतला फिकट हिरवा रंग, मग त्यावर बाहेरचा रंग द्यायचा. म्हणजे काचेतून पाहिले की चौकट आतून हिरवी दिसते.

मळवायचे म्हटले तर अडचण प्रमाणाची येते. माझ्या मॉडेलची 'काच' सुमारे एक मिलिमीटर जाड आहे. ती बहात्तर पटीने मोठी करा, सात सेंटीमीटरपेक्षा जाड भिंत होते. खऱ्या झाकणाची जाडी काही मिलिमीटरच असायची. पाव मिलिमीटरचा धुळीचा एक कण बहात्तर पटीने अठरा मिलिमीटरचा होतो, म्हणजे काचेवर एखादे नाणे चिकटवल्यासारखा. बारीक ब्रशने मारलेला ओरखडा खऱ्या विमानात बोटाएवढा रुंद होईल. म्हणजे मी काचेवर जी काही घाण दाखवीन ती खऱ्यापेक्षा कितीतरी मोठीच होणार. हे एक कारण झाले. पण ते कारागिराचे कारण आहे. इतिहासाचे कारण वेगळे आहे.

पूर्वीच्या विमानांना डोक्यावर काच नव्हती. समोर वारा अडवायला एक छोटी काच, बाकी वैमानिक उघड्यावर. ११० स्क्वाड्रनची निजामाची विमाने अशीच उघडी होती. पारदर्शक भागांसाठी तेव्हा सेल्युलॉइडसारखे पदार्थ वापरत. ते उन्हाने पिवळे पडायचे आणि पटकन पेट घ्यायचे. १९३०च्या दशकात एक नवा पदार्थ आला. ब्रिटनमध्ये त्याचे नाव पर्सपेक्स, जर्मनीत प्लेक्सिग्लास. रसायन एकच. काचेपेक्षा हलका, तापवला की हव्या त्या आकारात वाकणारा आणि उन्हात सहसा पिवळा न पडणारा. १९४०च्या आकाशात दोन्ही बाजूंचे वैमानिक एकमेकांकडे याच एका पदार्थातून पाहत होते.

स्पिटफायरचे सुरुवातीचे झाकण वरून सपाट होते. उंच वैमानिकाचे डोके त्याला लागायचे आणि मागे पाहायला मान वळवता येत नसे. म्हणून लवकरच फुगीर झाकण आले. समोरच्या काचेला गोळी अडवणाऱ्या जाड काचेची जोड मिळाली. त्यासाठी लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी आग्रह धरला होता. वरच्या बाजूला मागचे दिसावे म्हणून छोटा आरसा बसला. हे सगळे बदल एकाच गोष्टीसाठी होते, वैमानिकाला दिसावे म्हणून. ज्याला आधी दिसले तो वाचला, असा तो मामला होता.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला पाटीवर एक गणित घातले. जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाचे पंख सुमारे १० मीटरचे. ते ५ किलोमीटरवर असेल तर केवढे दिसेल? त्याने त्रिकोण काढले. उत्तर आले, डोळ्यापासून अर्ध्या मीटरवरच्या १ मिलिमीटरच्या ठिपक्याएवढे. म्हणजे झाकणावर माशीने केलेला एक डाग आणि पाच किलोमीटरवरचे शत्रूचे विमान डोळ्याला सारखेच. ताशी ५०० किलोमीटर वेगाने ते पाच किलोमीटर कापायला किती वेळ? भाच्याने आकडेमोड केली. ३६ सेकंद.

"म्हणजे मामू, डाग असेल तर वैमानिक फसणार."

"दोन्हीकडून फसणार. डागाला विमान समजून घाबरेल, नाहीतर विमानाला डाग समजून बसेल."

म्हणूनच त्या तळांवर काच पुसणे हे हौसेचे काम नव्हते. प्रत्येक विमानामागे जमिनीवरची माणसे असत. इंजिन पाहणारा फिटर आणि विमानाचा सांगाडा पाहणारा रिगर. पर्सपेक्स चकचकीत ठेवणे रिगरकडे असे. पर्सपेक्स काचेपेक्षा मऊ असते. धुळीसकट कोरडे फडके फिरवले तर बारीक ओरखडे पडतात आणि सूर्य समोर आला की तेच ओरखडे चमकतात. म्हणून मऊ फडके आणि हलका हात. पेट्रोलसारखे द्रव लागले तर त्यात केसासारख्या भेगा पडतात. उभ्या विमानाच्या बैठकीवर कापडी आच्छादन टाकलेले असायचे.

तर भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर असे होते. सगळे विमान मळके आणि काच लख्ख, हीच त्या विमानाची खरी अवस्था. पंखावरचा उडालेला रंग रंगवायला कुणाला वेळ नव्हता. काच पुसायला मात्र वेळ काढावाच लागत होता, कारण तिथे एक माणूस बसणार होता.

मग काचेच्या आसपास काहीच मळवायचे नाही का? मळवायचे, पण जिथे मळ खरोखर होता तिथेच. झाकण ज्या रुळांवर सरकते तिथला रंग घासून खालचा धातू दिसू द्यायचा. वैमानिकाचा हात चौकटीला जिथे रोज लागतो तिथला रंग थोडा झिजवायचा. समोरच्या काचेवर इंजिनाकडचे तेल उडायचे आणि ते पुसले तरी खालच्या कोपऱ्यात चौकटीशी थोडे उरायचे. आम्ही वर्गातल्या खडूची पूड केली, त्यात तपकिरी पूड मिसळली आणि अगदी मऊ ब्रशने त्या दोन कोपऱ्यांत टेकवली. नंतर त्यातलीही निम्मी पुसून टाकली. बस.

माझी स्वतःची एक जुनी चूक या निमित्ताने लक्षात आली. काही वर्षांपूर्वी मी एक विमान केले होते. त्याची काच पिवळसर करून, ओरखडे पाडून मी मोठ्या अभिमानाने ठेवली होती. मी ते एका संग्रहालयातल्या विमानाच्या छायाचित्रावरून केले होते. पण संग्रहालयातले विमान आज ऐंशी वर्षांचे असते. त्या काचेवरचा पिवळेपणा आणि ओरखडे युद्धाचे असतीलच असे नाही. ते गोदामातले, उन्हातले, वाहतुकीतले असू शकतात. १९४० साली लढणारे विमान बहुधा काही महिन्यांचेच असायचे. ऐंशी वर्षांचा मळ मी त्या काही महिन्यांच्या अंगावर चढवला होता.

निजामाच्या देणगीतले एक विमान अजून शिल्लक आहे. एफ १०१० क्रमांकाचे डीएच-९ए. ऑक्टोबर १९१८मध्ये ते जर्मनांच्या हाती पडले. बर्लिनच्या संग्रहालयात राहिले, पुढे पोलंडमध्ये क्राकोला गेले आणि १९७७मध्ये ब्रिटनला परत आले. आता ते लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. आज त्याकडे पाहून १९१८ समजून घ्यायचे, तर या सगळ्या प्रवासाच्या खुणा मनातल्या मनात वेगळ्या काढाव्या लागतील.

मला वाटते, इतिहास वाचण्याचे अर्धे काम हेच आहे. घटनेच्या वेळची धूळ कोणती आणि नंतर बसलेली धूळ कोणती, हे ओळखणे.

हे सुचायला कारणही घडले. विमान पूर्ण झाले तेव्हा आमचे एक चाचा घरी आले होते. त्यांना स्क्वाड्रनचे नाव सांगितले तर त्यांची छाती फुगली. "देखो, अपने निजाम ने अंग्रेजां कू विमानां दिए थे!" सुट्टी संपल्यावर शिक्षककक्षात मोबाइलवरचा फोटो दाखवला तर एक सहकारी हसत म्हणाले, "सर, निजामाचं विमान? मग १७ सप्टेंबरचं भाषण कोण करणार?" मी म्हणालो, "दर वर्षी करतो तोच करणार." सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना ते वाक्य डोक्यात राहिले.

चाचा काच पॉलिश करत होते आणि सहकारी मळवत होते. दोघांनाही १९४० दिसत नव्हते.

१९४० स्वच्छ काचेतून पाहिले तर काय दिसते? एक, पैसा हैदराबादचा होता आणि संस्थानाची तिजोरी मुख्यतः शेतसाऱ्यावर चालत होती. म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या रयतेचा घामही त्यात होता. त्यात हिंदू शेतकरी होता, मुसलमान शेतकरीही होता. त्यांना कुणी विचारले नव्हते. दोन, ही देणगी 'आपल्या' कुणासाठी नव्हती. आपले सिंहासन ज्या सत्तेच्या आधारावर उभे आहे त्या सत्तेला एका संस्थानिकाने दिलेली ती मदत होती. 'विश्वासू मित्र' या ब्रीदाचा अर्थ तोच. तीन, ती विमाने ज्याच्याविरुद्ध लढली तो हिटलर होता, आणि त्या उन्हाळ्यात तो हरला हे जगाच्या भल्याचेच झाले. चार, त्याच निजामाच्या राज्यात १९१८ सालीच उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले, जिथे विज्ञान आणि वैद्यक उर्दूतून शिकवले गेले. उर्दूचा शिक्षक म्हणून मी ते विसरू शकत नाही. आणि पाच, त्याच राज्यात पुढे रझाकारांचा जुलूम झाला, तोही मी विसरू शकत नाही. रझाकारांविरुद्ध लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान उर्दूतच लिहीत होता. ऑगस्ट १९४८मध्ये त्याचा खून झाला. १७ सप्टेंबरच्या भाषणात मी त्याचे नाव दर वर्षी घेतो.

या पाचही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यातली एकच निवडून विमानाला फासली की ते खेळणे होते, मॉडेल राहत नाही. आमच्या मराठवाड्यातल्या मुसलमान मुलांवर अशी निवड करायची वेळ वारंवार येते. तू निजामाचा की मुक्तिसंग्रामाचा? मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, आधी काच पूस. मग बघ. मग बोल.

आता शेवटची गोष्ट. ती याच काचेची आहे, पण लढाईची नाही.

१५ ऑगस्ट १९४०. ६०१ स्क्वाड्रनचा वैमानिक गॉर्डन क्लीव्हर हरिकेन विमानातून लढत होता. गोळ्यांनी त्याचे झाकण फुटले आणि पर्सपेक्सच्या किरचा दोन्ही डोळ्यांत घुसल्या. तरीही तो हवाई छत्रीने उतरला आणि वाचला. एक डोळा गेला. दुसरा डोळा डॉक्टरांनी वाचवला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत हॅरोल्ड रिडली नावाचे नेत्रशल्यचिकित्सक होते. अशा जखमी वैमानिकांना तपासताना त्यांच्या ध्यानात आले की पर्सपेक्सचे कण डोळ्यात राहून गेले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही. ते तिथे निमूट पडून राहतात.

तेव्हा मोतीबिंदू काढला की डोळ्यातले नैसर्गिक भिंगच निघून जायचे आणि माणसाला जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागायचा. आपल्यापैकी अनेकांनी दादी-नानीच्या नाकावर तो पाहिला असेल. रिडलींनी विचार केला, त्याच पदार्थाचे भिंग करून आत बसवले तर? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ४५ वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यात ते बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. डोळ्यातून बाहेरची वस्तू काढायची असते, आत घालायची नसते, असे म्हणत त्यांच्या व्यवसायातल्या थोरामोठ्यांनी त्यांना वर्षानुवर्षे विरोध केला. मान मिळायला अर्धे शतक जावे लागले. २००० साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि २००१ मध्ये ते वारले. भारतात १९९२मध्ये मदुराईला अरोलॅब सुरू झाली. तिथे ही भिंगे स्वस्तात बनू लागली आणि गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोहोचली.

तीन वर्षांपूर्वी अम्मीच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया एका शिबिरात झाली. भिंग कशाचे, असे मी डॉक्टरांना विचारले होते. त्यांनी सांगितलेले लांबलचक नाव तेव्हा मी नुसते कागदावर उतरवून ठेवले. परवा तो कागद सापडला. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. पर्सपेक्सचेच रासायनिक नाव.

मी अम्मीला हे सगळे सांगितले. विमान, वैमानिक, किरचा, लंडनचा डॉक्टर. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "त्या पोराच्या एका डोळ्याचं काय झालं?" मी म्हणालो, "तो गेला, अम्मी." ती थोडा वेळ गप्प बसली. "अल्लाह त्याचं भलं करो," म्हणाली. मग मॉडेल हातात घेऊन खिडकीकडे धरले आणि मिनिटभर निरखले.

"आतून बोटाचा ठसा आहे," ती म्हणाली.

मी पाहिले. खरेच होता. झाकण चिकटवताना माझ्याच अंगठ्याचा ठसा आतल्या बाजूला उमटला होता आणि आम्हा दोघा मामा-भाच्यांना तो दिसला नव्हता. आता तो निघणे शक्य नाही. झाकण तोडावे लागेल.

ते विमान तसेच कपाटावर ठेवले आहे. कुणी पाहायला आले की भाचा आधी त्या ठशाकडे बोट दाखवतो आणि सांगतो, "हा डाग १९४०चा नाही. मामूंचा आहे."